लाकडी रान मारायचा ब्रश कटर : आधी पाते, मग इंजिन

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पाऊस सरत आला की गोव्यातल्या सत्तरी, डिचोली, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतल्या काजूच्या भाटांत (बागांत) रान मारायची, म्हणजे माजलेली झुडपे कापून काढायची लगबग सुरू होते. कोयत्यावर चालणारी माणसे मिळेनाशी झाल्यापासून हे काम इंजिनावर चालणाऱ्या ग्रास कटरवर, म्हणजेच ब्रश कटरवर आले आहे. दुकानात गिऱ्हाईक मात्र एकच प्रश्न घेऊन जाते, ‘किती सीसीचा?’ (सीसी म्हणजे सिलिंडरचे घनफळ). विक्रेताही त्याच भाषेत उत्तर देतो. मग ५२ सीसीचे यंत्र घरी येते, माडांखालचे गवत झकास कापते आणि कुडा-करवंदाच्या जाळीत शिरले की थोड्याच दिवसांत क्लच (इंजिनाचा जोर पात्याकडे नेणारी जोडणी) जळतो, गियर हेड (पात्याच्या वरची दातेरी चाकांची पेटी) खडखडू लागते किंवा पात्याचे दात उडतात. गवत कापणे आणि लाकडी रान कापणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामासाठी यंत्र निवडताना इंजिनाच्या आधी पाते पाहावे लागते. हंगामाच्या तोंडावर हे सविस्तर छापून आले तर अनेकांचे पैसे वाचतील आणि काहींचे पायही वाचतील, म्हणून हे पत्र.

भाटात कोणत्या जाडीचे रान आहे हे आधी ठरवावे. जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला अंगठा लावून पाहिला तरी पुरते. अंगठ्याच्या रुंदीएवढे, म्हणजे साधारण २ सेंटिमीटरपर्यंतचे रान पहिल्या गटातले. रानमोडी, कोवळी घाणेरी, गेल्या वर्षी कापलेल्या झुडपांचे फुटवे यात येतात. २ ते ४ सेंटिमीटर हा दुसरा गट. जुनी घाणेरी, करवंद, तोरण, कुडा आणि अकेशियाची रोपे यात आली. तीन-चार वर्षे हात न लागलेल्या भाटात बहुतांश रान याच गटातले निघते. ४ ते ७ सेंटिमीटरचे खोड फक्त मोठ्या, व्यावसायिक यंत्राने आणि सराईत हातानेच कापावे. त्यापुढे ब्रश कटरचे काम संपते, तिथे चेन सॉ (साखळीची करवत) लागते. खोड झाडात मोडत असेल तर १९८४च्या वृक्ष जतन कायद्याखाली वन खात्याची परवानगीही लागते. खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधालगतची खारफुटी संरक्षित आहे, तिला कोणतेच पाते लावू नये.

आता पाते. यंत्राच्या खोक्यात साधारणपणे तीन प्रकार येतात. नायलॉन दोरीचे डोके गवतासाठी, त्याचा इथे विचारच नको. दुसरे तीन दात्यांचे जाड पाते, २५० ते ३०० मिलिमीटर व्यासाचे. ते खोड कापत नाही, त्यावर आदळून ते फोडते. रानमोडीच्या दाट जाळीत त्याच्यासारखे पाते नाही, कारण वरून खाली आणत गेले तर ते जाळीचा चुराच करते. पण खोड २ सेंटिमीटरच्या पुढे गेले की हेच पाते उसळते आणि उसळीचा धक्का थेट मनगटात व गियर हेडच्या बेअरिंगमध्ये जातो. तिसरे ४० दात्यांचे, २५५ मिलिमीटरचे, टोकांना कार्बाइड (अतिशय कठीण धातुमिश्रण) लावलेले पाते. दुकानात लाकडासाठी म्हणून हेच हातात ठेवतात. नवे असताना आणि स्वच्छ जमिनीवर ते सुरेख कापते. आपली जमीन मात्र जांभ्याची. गवताखाली दडलेल्या चिऱ्याच्या तुकड्याला पाते एकदा घासले की कार्बाइडचे टोक तडकते, कारण ते जितके कठीण तितकेच ठिसूळ असते. एक-दोन टोके उडाली की पाते एका बाजूला हलके होते, थरथरू लागते आणि ती थरथर आठ-दहा तासांच्या कामात बेअरिंग सैल करते. शिवाय कार्बाइडला साधी कानस लागत नाही, धार करायला हिऱ्याची चकती लागते. भाटात बसून ते होत नाही.

म्हणून दुसऱ्या गटातल्या रानासाठी आम्ही आग्रहाने सांगू ते पाते म्हणजे २२ दात्यांचे पोलादी गोल करवत-पाते, २०० मिलिमीटर व्यासाचे. त्याचे दात चेन सॉच्या दातांसारखे असतात. ५.५ मिलिमीटरच्या गोल कानसेने, प्रत्येक दाताला दोन-तीन सारखे हात दिले की दहा-पंधरा मिनिटांत धार परत येते. दगड लागला तर दात बोथट होतो, उडत नाही. तीन-चार वेळा धार केल्यावर दातांची डावी-उजवी वाकण पुन्हा साधून घ्यावी, नाहीतर पाते ओल्या लाकडात अडकू लागते. हे पाते खोक्यात मिळत नाही, वेगळे मागावे लागते. गोव्यातल्या बऱ्याच दुकानांत ते ऑर्डर देऊन आणावे लागेल, म्हणून यंत्र घेतानाच मागणी नोंदवावी.

व्यास २००च का, हे समजून घेण्यासारखे आहे. इंजिनाची पिळण्याची ताकद तीच असते. पात्याचा व्यास वाढला की त्या ताकदीतून कडेच्या दाताला मिळणारा जोर त्याच प्रमाणात घटतो. २५५ ऐवजी २०० मिलिमीटरचे पाते लावले की त्याच यंत्रात दाताचा जोर सव्वापट, नेमके सांगायचे तर २७ टक्क्यांनी वाढतो. गवतात लांबवर फिरणारे मोठे पाते फायद्याचे, कारण तिथे जोर लागत नाही. लाकडात लहान पाते अडकत नाही, क्लच घसरत नाही आणि पेट्रोलही कमी जाते. १० इंची पात्यावर हताश होऊन जास्त सीसीचे यंत्र शोधणाऱ्याने आधी ८ इंची पाते लावून पाहावे.

पाते विकत घेताना तीन गोष्टी बघाव्यात. मधले भोक २५.४ मिलिमीटरचे आहे की २० चे, ते आपल्या यंत्राच्या बुशशी (भोकात बसणाऱ्या कडीशी) जुळते का हे तिथेच बसवून पाहावे. भोक मोठे आणि बुश लहान असेल तर पाते केंद्रात बसत नाही आणि नट कितीही आवळला तरी ते सरकते. दुसरे, पात्यावर छापलेला जास्तीत जास्त वेग. इंजिन मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर गियर हेडमधून पात्याला साधारण ७,००० फेरे मिळतात. त्या वेगाने २५५ मिलिमीटरच्या पात्याची कडा सेकंदाला ९० मीटरपेक्षा जास्त धावते. सुताराच्या टेबल सॉचे पाते स्वस्त मिळते म्हणून बुश घालून बसवणारे लोक आहेत. ते पाते या वेगासाठी आणि दगडाच्या धक्क्यासाठी बनवलेले नसते. तिसरे, साखळीच्या कड्या जोडलेली किंवा सुट्या लोखंडी पट्ट्या लटकवलेली पाती कोणत्याही भावात घेऊ नयेत. एकमेकांत अडकवलेल्या धातूच्या तुकड्यांची अशी पाती युरोपीय संघाने २०१२मध्ये बाजारातून बंद केली, कारण तुटलेली कडी बंदुकीच्या गोळीसारखी जाते. आपल्याकडे ती ऑनलाइन सर्रास दिसतात.

करवत-पात्याला गार्डही (पात्यावरचे संरक्षक आवरण) वेगळे लागते. नायलॉन दोरीचे रुंद प्लॅस्टिक गार्ड लावून करवत-पाते चालवले की गार्डच खोडाला आडवे येते. करवत-पात्याचे गार्ड लहान, धातूचे असते आणि त्याची कडा खोडाला टेकवून कापायला आधार मिळतो. ते नसेल तर लोक गार्डच काढून टाकतात. तसे काम कोणीही करू नये आणि मालकाने गड्याकडून करून घेऊ नये.

इंजिनाकडे वळू. सीसीचा आकडा खरा आहे का, हे कळायला सोपी वाट आहे. बहुतेक टू-स्ट्रोक यंत्रांच्या इंजिनावर ‘१ई४०एफ’ किंवा ‘१ई४४एफ’ असा सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. त्यातला ४० किंवा ४४ म्हणजे सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पिस्टनची धाव या दोन्हींत ३४ मिलिमीटरच्या आसपास असते. हिशेब केला तर ४० चे इंजिन ४२.७ सीसी, म्हणजे बाजारातले ४३, आणि ४४ चे ५१.७ सीसी, म्हणजे बाजारातले ५२ निघते. बाहेर स्टिकर ६२ किंवा ६८ चे आणि कोरलेला क्रमांक ४४ चा असेल तर ते यंत्र ५२ सीसीचेच आहे. हा क्रमांक दुकानात उभे राहूनच वाचावा.

सीसी खरा निघाला तरी तो ताकद सांगत नाही. ताकद किलोवॉटमध्ये असते आणि ती माहितीपुस्तिकेत लिहिलेली असते. स्वस्त ५२ सीसीच्या यंत्राची घोषित ताकद साधारण दीड किलोवॉटच्या आसपास असते, तर ४५ सीसीच्या व्यावसायिक यंत्रांची २ किलोवॉटच्या पुढे जाते. लाकडी रानासाठी आमचे मत असे : ४ सेंटिमीटरपर्यंतचे रान वर्षातून एकदा, दोन-चार दिवस मारायचे असेल तर खऱ्या दीड किलोवॉटचे यंत्र पुरे. दोन-तीन हेक्टरांचे भाट असेल किंवा भाड्याने काम करायचे असेल तर २ किलोवॉटच्या खालचे घेऊच नये. ३५.८ सीसीची फोर-स्ट्रोक यंत्रे गोव्यात खूप आहेत. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही, आवाज कमी, चालू होण्यात कुरकुर नाही. पण ताकद १ किलोवॉट. गवत, रानमोडी आणि कुळागरातली (पोफळीच्या बागेतली) साफसफाई यासाठी ती फार चांगली आहेत, कुड्याच्या जाळीसाठी नाहीत. बॅटरीवरची यंत्रेही सध्या गवतापुरतीच धरावीत.

रचनेत एक गोष्ट पक्की धरावी, दांडा सरळ आणि अखंड हवा. वाकड्या दांड्याच्या यंत्रात आत लवचीक वायर फिरते, तिला धातूचे पाते लावायचेच नसते. मध्ये जोड असलेला दांडा गाडीत न्यायला सोयीचा, पण करवत-पात्याचा धक्का त्या जोडावर येतो. बाहेरची नळी २८ मिलिमीटरची घ्यावी, २६ ची नको. आतला रॉड ८ मिलिमीटरचा, ९ खाचांचा असेल तर सुटे भाग कुठेही मिळतात. पाठीवर इंजिन घेण्याचा प्रकार चढावर सोयीचा वाटतो आणि गवतासाठी तो खरेच सोयीचा आहे. लाकडात मात्र पाते अडकले की लवचीक केबल पिळली जाते, दांड्याला झटका बसतो आणि तो आवरायला पुढे फक्त दोन हात उरतात. अडचणीच्या क्षणी पाठीवरचे इंजिन झटकन उतरवताही येत नाही. लाकडासाठी बाजूला टांगायचे यंत्र, सायकलसारखी दोन मुठींची मूठ आणि दोन्ही खांद्यांवरचा, कमरेला फळी असलेला पट्टा हेच घ्यावे. दोन मुठींची मूठ पाते पायापासून लांब ठेवते. पट्ट्याचा हूक उजव्या कमरेच्या हाडाखाली चार बोटांवर यावा आणि हात सोडले की करवत-पाते जमिनीपासून साधारण २० सेंटिमीटरवर तरंगावे. तसे होत नसेल तर हुकाची कडी दांड्यावर मागे-पुढे सरकवून साधावे. ही दहा मिनिटे वाचवली की संध्याकाळी कंबर धरते.

आता गियर हेड, कारण सर्वाधिक यंत्रे इथेच मरतात. पात्याच्या वर मुठीएवढा जो ॲल्युमिनियमचा गोळा असतो त्यात तिरप्या दातांची दोन चाके आणि दोन-तीन बेअरिंगे असतात. कारखान्यातून आलेल्या स्वस्त यंत्रात ग्रीस कित्येकदा नावालाच असते. यंत्र घरी आणल्यावर चालू करण्याआधी बाजूचा स्क्रू काढून आत पाहावे. स्क्रूच्या आतल्या टोकाला ग्रीस लागलेले दिसले नाही तर लिथियम ग्रीस ५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे लहान चमचाभर, ट्यूबने आत दाबावे. गच्च भरू नये. जागा उरली नाही की ग्रीस फिरत नाही, तापते आणि खालच्या सीलमधून बाहेर येते. त्यानंतर दर २५ तासांच्या कामाला हीच तपासणी. पाते हाताने वर-खाली हलवून टकटक जाणवली तर बेअरिंग गेले आहे. ते वेळीच बदलले तर खर्च थोडा, नाही बदलले तर चाकांचे दात खाल्ले जातात आणि पूर्ण गियर हेड घ्यावे लागते.

गियर हेड बिघडण्याचे दुसरे कारण वेली. पळसवेल, घोटवेल, कुयली यांचे तंतू पाते आणि गियर हेड यांच्या फटीत गुंडाळले जातात. वरून ते दिसत नाहीत. आत ते घट्ट पिळून सीलची कड उचलतात, मग ग्रीस बाहेर आणि माती आत. दर टाकीला, इंजिन बंद करून आणि प्लगची वायर काढून, ती फट चाकूने साफ करावी. पात्याचा नट उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ठाऊक नसल्याने पाना उलटा मारून आटे मोडलेली यंत्रे दर हंगामात दुरुस्तीला येतात.

क्लच जळण्याचे कारण जवळपास नेहमी एकच असते. अर्ध्या रेसवर पाते खोडाला लावले जाते. क्लचचे जोडे वेगाने बाहेर फेकले गेले तरच ड्रमला घट्ट चिकटतात. वेग कमी असला की ते घासत राहतात, जळका वास येतो, ड्रम निळा पडतो. पूर्ण रेस, मग खोडाला स्पर्श, कापून झाले की रेस सोडा, हा क्रम मोडू नये. पाते अडकले तर रेस वाढवून सोडवायचा प्रयत्न न करता लगेच रेस सोडावी आणि इंजिन बंद करून खोड हाताने वाकवून पाते काढावे. मंद इंजिनावर पाते फिरत राहत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करावा. तरीही फिरले तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे, ती बदलल्याशिवाय काम करू नये.

पेट्रोलबद्दल थोडे, पण महत्त्वाचे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते आणि आपल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. कार्ब्युरेटरचा पातळ पडदा आणि पंपाचा रबरी फुगा ताठ होतो, यंत्र चालू होऊन बंद पडू लागते. जून ते सप्टेंबर यंत्र कोपऱ्यात राहणार असेल तर टाकी पूर्ण रिकामी करावी आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालू ठेवावे. ऑइल मिसळलेले पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त साठवू नये. चांगल्या प्रतीचे २टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) ऑइल लिटरला २० मिलिलिटर, साधे असेल किंवा यंत्र नवे असेल तर ४० मिलिलिटर. माप अंदाजाने न घेता सिरिंजने घ्यावे. ऑइल कमी पडले तर पिस्टन धरतो आणि तो धरला की इंजिनाची किंमत भंगाराची होते.

कापण्याची पद्धत यंत्राइतकीच महत्त्वाची. वरून पाहिले तर पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते, गियर हेडवर बाण असतो. पात्याला घड्याळाची तबकडी समजले तर १२ ते ३ हा, म्हणजे समोरचा उजवा भाग धोक्याचा. त्या भागाने टणक खोडाला स्पर्श केला की पाते कापण्याऐवजी खोडावर चढते आणि सबंध यंत्र झटक्यात उजवीकडे फेकले जाते. ८ ते ११ या डाव्या भागाने कापावे. तिथे दात आपल्याकडे येत असतात, त्यामुळे धक्का बसला तरी यंत्र पुढे ओढले जाते, फेकले जात नाही. म्हणून उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा आणि पाते कमरेच्या वर कधीच उचलायचे नाही. रान डोक्याच्या वर गेले असेल तर आधी कोयत्याने वेली तोडाव्यात. वेलींनी एकत्र बांधलेली जाळी बुंध्याशी कापली तरी पडत नाही, लोंबकळत राहते आणि पात्यावर बसते.

१५ मीटरच्या आत दुसरे कोणी नसावे, असे प्रत्येक पुस्तिकेत लिहिलेले असते. आपल्याकडे मात्र एकजण कापतो आणि दुसरा शेजारी उभा राहून फांद्या ओढतो. याला उपाय साधा आहे : पंधरा-वीस पावलांचा पट्टा कापा, इंजिन बंद करा, मग दोघांनी मिळून ओढा. वेळ थोडा जास्त जातो. डोळ्यांवर जाळीचा मुखवटा आणि आत चष्मा, कानावर आवरण, पायात गुडघ्यापर्यंतचे बूट हे धरूनच चाला. घोणस आणि फुरसे याच जाळीत असतात, गांधीलमाश्यांची पोळीही. त्यामुळे पाते लावण्याआधी लांब काठीने जाळी हलवून पाहावी.

काही झुडपांकडे विशेष लक्ष द्यावे. बिब्बा आणि रानबिब्बा यांचा चीक फिरत्या पात्याने तुषारासारखा उडतो आणि अंगावर फोड येतात. ही झाडे ओळखून कोयत्यानेच, हातमोजे घालून कापावीत. खाजकुयलीच्या शेंगा वाळल्या की तिची कुसे हवेत पसरतात, म्हणून ती शेंगा धरण्याआधी, ऑक्टोबरातच काढावी. बांबूच्या बेटात ब्रश कटर नेऊच नये, ताणलेले बांबू पाते चिमटतात. रानमोडी डिसेंबराच्या सुमारास फुलते आणि नंतर तिचे बी वाऱ्याने सगळीकडे जाते, तेव्हा ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापली तरच पुढच्या वर्षी फरक दिसतो. घाणेरी जमिनीलगत कापली तर जोमाने फुटते. तिचा बुंधा पिकासाने जमिनीखाली चार बोटे खणून मुळाचा गड्डा तोडावा लागतो. यंत्राने आधी वरचे रान काढले की हे काम सोपे होते, एवढाच यंत्राचा त्यात वाटा.

काजूच्या कलमाच्या बुंध्याभोवती एक मीटरभर यंत्र अजिबात नेऊ नये. पाते तर सोडाच, नायलॉनची दोरीही कोवळी साल सोलते. बुंध्याजवळ जखम झाली की रोठ्याचा भुंगा तिथे अंडी घालतो आणि अळी खोड-मूळ पोखरते. झाड पिवळे पडेपर्यंत कळतही नाही. तेवढी जागा कोयत्याने करावी. आणखी एक, खुंट तिरपा ठेवू नये. घाईत तिरपे कापलेले कुड्याचे खुंट सुकले की सुळ्यासारखे होतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये चपला घालून काजू वेचणाऱ्या बायकांच्या पायांत घुसतात. करवत-पाते आडवे धरून, जमिनीलगत, सपाट कापावे. कापलेले रान जाळण्याऐवजी उताराला आडवे रचून ठेवावे, पहिल्या पावसात माती धरते. २०२३च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर लागलेल्या आगी सर्वांना आठवत असतील. जानेवारीनंतर यंत्र चालवताना गरम इंजिनात पेट्रोल भरू नये, मोकळ्या मातीवर दहा मिनिटे थंड होऊ द्यावे आणि पेट्रोल भरलेल्या जागेपासून तीन मीटर दूर जाऊन चालू करावे. सायलेन्सरमधली ठिणगी अडवणारी जाळी काढून टाकू नये.

आता मागणी. कृषी कार्ड असलेल्या शेतकऱ्याला यंत्रांवर अनुदान मिळते, ही चांगली सोय आहे. पण कोटेशनवर ‘ब्रश कटर, टू-स्ट्रोक, ५२ सीसी’ एवढेच लिहिलेले असते. त्यात किलोवॉट, नळीचा व्यास, दांडा अखंड की जोडाचा, करवत-पाते व त्याचे धातूचे गार्ड सोबत आहे का, आणि क्लच, गियर हेड, कार्ब्युरेटर हे सुटे भाग गोव्यात मिळतात का, हे पाच रकाने सक्तीचे करावेत. गवताची यंत्रे आणि लाकडी रानाची यंत्रे यांची यादी वेगळी ठेवावी, म्हणजे अनुदानाचा पैसा एका हंगामात भंगारात जाणार नाही. यंत्रांची प्रात्यक्षिके मोकळ्या मैदानावरच्या गवतात होतात, तिथे कोणतेही यंत्र चांगलेच दिसते. विभागीय कृषी कार्यालयांनी सप्टेंबरअखेर, तालुक्यातल्या एखाद्या रान माजलेल्या भाटात, एकाच यंत्राला तीन, ४० आणि २२ दात्यांची तिन्ही पाती लावून प्रात्यक्षिक ठेवावे. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यात कलमांच्या बुंध्याची काळजी दाखवावी. अर्धा दिवस फक्त ग्रीस भरणे, कानस मारणे आणि पट्टा बांधणे यांसाठी राखून ठेवावा आणि त्याला भाटाच्या मालकांबरोबर प्रत्यक्ष यंत्र चालवणाऱ्या गड्यांनाही, त्या दिवसाची मजुरी देऊन, बोलवावे.

पत्रास आपल्या दैनिकात जागा द्यावी, ही विनंती.

आपले,
काही काजू बागायतदार आणि यंत्रदुरुस्ती करणारे मेस्त्री,
वाळपई, सत्तरी